दप्तराला वाचा देणारा गणिती

यवतमाळ जिल्ह्यातले महागाव हे तालुक्याचे ठिकाण. पुसद, उमरखेड, आर्णी हा त्याचा शेजार. कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या या भागातल्या एखाद्या शेताचे कागद मागे मागे चाळत गेले, तर एक गंमत दिसते. जमीन तीच, माती तीच; पण कागदाच्या डोक्यावरची नावे मात्र बदलत जातात. आज तालुका महागाव आहे. काही दशकांपूर्वी हाच भाग पुसद तालुक्यात मोडत असे. राज्य १९६० पासून महाराष्ट्र. त्याआधी चार वर्षे द्वैभाषिक मुंबई, त्याच्याही आधी मध्य प्रदेश आणि स्वातंत्र्यापूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाड. जुना फेरफार शोधायचा तर तो कोणत्या नावाच्या बस्त्यात असेल, हे आधी ठाऊक असावे लागे. ज्याला ते ठाऊक, तो पटवारी किंवा कारकून दप्तराचा खरा धनी. त्याची बदली झाली की कागद जागच्या जागी असूनही हरवल्यासारखे होत.

संगणक आले की ही अडचण संपेल, असे अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात १९६० च्या दशकात ती जशीच्या तशी संगणकात शिरली. बस्त्यांच्या जागी चुंबकीय फिती आणि तबकड्या आल्या, कारकुनाच्या जागी प्रोग्रामर आला. पण माहिती कुठे ठेवली आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच ती मिळणार, हा कायदा कायम राहिला. हा कायदा मोडायचा असे एका गणितज्ञाने ठरवले आणि त्यासाठी स्वतःच्याच कंपनीचा रोष पत्करला. त्याचे नाव एडगर फ्रँक कॉड. आज बँकेतले खाते, रुग्णालयातली नोंद, विद्यापीठाचा निकाल यांतले बहुतेक सारे ज्या पद्धतीने साठवले जाते, तिचा पाया त्यांनी घातला. संगणकाच्या जगाबाहेर मात्र हे नाव फारसे कोणाला माहीत नाही.

दगडाच्या बेटावरचा मुलगा

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ चा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून पोर्टलंड नावाचे एक लहानसे बेट आहे. तिथल्या खाणींतला पांढरट दगड लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलसारख्या इमारतींना लागला. त्या बेटावरच्या फॉर्च्युन्सवेल या गावी सात भावंडांत सर्वांत धाकटे म्हणून ते जन्मले. वडील कातडी कमावण्याच्या व्यवसायात, आई शिक्षिका. शालेय शिक्षण पूल येथील ग्रामर स्कूलमध्ये झाले आणि पुढे ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात त्यांनी गणित आणि रसायनशास्त्र घेतले.

दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. विद्यार्थी म्हणून कॉड यांना लष्करी सेवेतून सूट मिळण्यासारखी होती. ती न घेता ते १९४२ मध्ये आपणहून हवाई दलात दाखल झाले. समुद्रावर पहारा ठेवणाऱ्या कोस्टल कमांडमध्ये ते सुंदरलंड जातीच्या विमानांचे वैमानिक होते. ही पाण्यावर उतरणारी अवजड विमाने तासन् तास समुद्रावर घिरट्या घालत. युद्ध संपल्यावर त्यांनी पदवी पुरी केली आणि १९४८ मध्ये अमेरिकेची वाट धरली.

न्यूयॉर्कमधला आरंभ साधाच होता. मेसीज या प्रसिद्ध दुकानात पुरुषांचे कपडे विकण्याचे काम त्यांनी काही काळ केले. टेनेसी विद्यापीठात थोडे दिवस गणित शिकवले. मग आयबीएम कंपनीत गणिती प्रोग्रामर म्हणून नोकरी लागली आणि संगणकाशी त्यांची गाठ पडली. तो संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले धूड होते. पडदा नाही, कळफलक नाही. एक गणित सोडवायला यंत्राची मांडणी दिवसेंदिवस जुळवत बसावे लागे.

पुराव्याशिवाय नावे

१९५३ मध्ये त्यांच्या आयुष्याला एक वळण लागले. अमेरिकेत तेव्हा सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचा बोलबाला होता. सरकारी खात्यांत, विद्यापीठांत कम्युनिस्ट दडले आहेत, असे आरोप ते नावे घेऊन किंवा नावांच्या याद्या हातात असल्याचे सांगून करत. पुरावा मागण्याची हिंमत फार थोड्यांत होती. युद्धात जीव धोक्यात घातलेल्या कॉड यांना हा प्रकार सहन झाला नाही. कसलाही आरडाओरडा न करता त्यांनी चांगली नोकरी सोडली आणि ते कॅनडात, ओटावा शहरी निघून गेले.

चार वर्षांनी आयबीएममधल्या एका जुन्या वरिष्ठाची योगायोगाने भेट झाली आणि १९५७ मध्ये ते परत कंपनीत आले. एकाच यंत्रावर अनेक प्रोग्राम एकाच वेळी कसे चालवावेत, या त्या काळी अवघड असलेल्या प्रश्नावर त्यांनी स्ट्रेच नावाच्या संगणकासाठी काम केले. चाळिशीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले. मिशिगन विद्यापीठात त्यांनी १९६५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता स्वतःची प्रत स्वतःच तयार करू शकणारे काल्पनिक यंत्र. जॉन फॉन नॉयमान यांनी असे यंत्र चौकटींच्या पटावर मांडले होते आणि त्यात प्रत्येक चौकटीला २९ अवस्था लागत होत्या. कॉड यांनी ८ अवस्थांत ते बसवून दाखवले. गुंतागुंत दिसली की ती कमी कशी करता येईल, हे पाहण्याचा हा स्वभाव पुढच्या कामातही दिसतो.

वाटाड्याला रजा

डॉक्टरेटनंतर काही काळाने ते कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील आयबीएमच्या संशोधनशाळेत आले. त्या वेळी मोठ्या माहितीसाठ्यांचे दोन घाट प्रचलित होते. एक आयबीएमचाच. चंद्रावर माणूस पाठवण्याच्या अपोलो मोहिमेत यानाच्या असंख्य सुट्या भागांची यादी ठेवण्याच्या गरजेतून तो आला. त्यात माहिती वंशवृक्षासारखी असे : वर मोठा भाग, त्याखाली त्याचे भाग, त्यांच्याखाली आणखी लहान. दुसरा घाट चार्ल्स बाकमन यांचा. त्यात नोंदी एकमेकींना दोऱ्यांनी बांधल्यासारख्या जाळ्यात गुंफलेल्या असत. दोन्हींत एक गोष्ट समान होती. हव्या त्या नोंदीपर्यंत पोचायला प्रोग्रामरला वाट ठाऊक असावी लागे. इथून सुरुवात करा, हा दोरा धरा, पुढच्या नोंदीवर जा, तिथून डावीकडे वळा. प्रोग्रामर हा माहितीच्या अरण्यातला वाटाड्या होता आणि बाकमन यांना त्याच्या या भूमिकेचा अभिमानही होता.

कॉड यांना त्यात दोन दोष दिसले. वाट बदलली की त्या वाटेने जाणारे सारे प्रोग्राम मोडतात. आणि वाट आखताना ज्या प्रश्नाचा विचार झाला नसेल, तो प्रश्न विचारायची सोयच उरत नाही. गावनिहाय लावलेल्या बस्त्यांतून अमुक इसमाची जिल्हाभरातली सगळी जमीन किती, असे विचारल्यावर कारकुनाची जी अवस्था होईल, तीच या यंत्रांची होत असे.

१९६९ मध्ये कंपनीच्या अंतर्गत अहवालात आणि १९७० मध्ये एका संगणकशास्त्रीय नियतकालिकातल्या दहा-अकरा पानी लेखात त्यांनी उपाय मांडला. उपाय ऐकायला इतका साधा की अनेकांना तो पोरकट वाटला. सगळी माहिती तक्त्यांत मांडा. प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान. प्रत्येक रकाना म्हणजे त्या विधानातली एक बाब. दोन तक्ते जोडायचे तर दोरे नकोत. दोन्हींत समान असलेले मूल्य, म्हणजे गट क्रमांक किंवा खाते क्रमांक, पुरेसे आहे. ओळींचा क्रम, साठवण्याची जागा, शोधण्याची वाट यांपैकी काहीही विचारणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नाही. काय हवे ते त्याने सांगावे; कसे शोधायचे ते यंत्राने ठरवावे.

साध्या वाटणाऱ्या या तक्त्यांमागे गणितातली संचांची आणि संबंधांची उपपत्ती होती. त्यामुळे तक्त्यांवर बेरीज-वजाबाकीसारख्या क्रिया करता येत आणि प्रत्येक क्रियेचे उत्तर पुन्हा तक्ताच येई. संबंध या अर्थाच्या गणिती शब्दावरूनच त्यांच्या मांडणीला रिलेशनल हे नाव मिळाले.

घरच्यांचा विरोध

आयबीएमला हा शोध गैरसोयीचा होता. वंशवृक्षाच्या घाटाचे उत्पादन उत्तम खपत होते आणि त्याला पर्याय आपल्याच घरातून निघावा, हे विक्री विभागाला रुचणारे नव्हते. कॉड यांनी मग कंपनीच्या बड्या ग्राहकांनाच आपली कल्पना समजावून सांगायला सुरुवात केली आणि ग्राहकांनी कंपनीला प्रश्न विचारायला. नोकरीत राहून असे करण्याला धाडस लागते.

१९७४ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावी, म्हणजे जिथे त्यांनी डॉक्टरेट केली तिथेच, कॉड आणि बाकमन यांचा जाहीर वाद झाला. बाकमन यांना आदल्याच वर्षी ट्युरिंग पारितोषिक मिळाले होते. सभेने निकाल असा काही दिला नाही. पण तरुण संशोधकांनी ज्या प्रश्नाला वाटाड्या-पद्धतीत अनेक पानांचा प्रोग्राम लागतो तो तक्त्यांच्या भाषेत चार ओळींत बसतो, हे पाहिले आणि त्यांचे मन वळले.

अखेर सॅन होजेतच सिस्टिम आर नावाचा प्रयोग उभा राहिला. गंमत अशी की त्याची सूत्रे कॉड यांच्या हाती नव्हती. त्यांनी सुचवलेली गणिती भाषा बाजूला ठेवून डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोन तरुणांनी इंग्रजी वाक्यांसारखी दिसणारी भाषा रचली. तीच पुढे एसक्यूएल म्हणून जगभर गेली. बॉइस तर १९७४ मध्येच अकाली वारले. बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी इन्ग्रेस हा दुसरा प्रयोग केला. लॅरी एलिसन आणि त्यांच्या साथीदारांच्या लहानशा कंपनीने हे प्रसिद्ध लेख वाचून १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणले. आयबीएमचे स्वतःचे उत्पादन त्यानंतर, १९८१ मध्ये आले आणि डीबी-टू हे प्रसिद्ध उत्पादन १९८३ मध्ये. ज्या घरात शोध लागला, ते घर बाजारात मागाहून पोचले. कॉड यांना १९८१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

याच सुमारास त्यांनी केलेला एक प्रयोग आज कोणी आठवत नाही, पण तो त्यांचे मन सांगतो. रॉन्देव्हू नावाच्या या प्रयोगात, संगणकाचे शिक्षण नसलेल्या माणसाने साध्या इंग्रजीत प्रश्न विचारावा आणि प्रश्न नीट कळला नाही तर यंत्राने उलट प्रश्न विचारून तो स्पष्ट करून घ्यावा, अशी कल्पना होती. उत्तर देण्याआधी यंत्र आपल्याला काय समजले तेही सांगून खात्री करून घेई. तक्त्यांची नावे ठाऊक नसलेल्या माणसालाही उत्तर मिळाले पाहिजे, ही ओढ त्यामागे होती.

नावांचाही तक्ता

१९८० च्या दशकात जो तो आपले उत्पादन रिलेशनल असल्याचे सांगू लागला. जुन्याच मालावर नवी चिठ्ठी लावण्याचा हा उद्योग पाहून कॉड यांनी १९८५ मध्ये एका संगणक साप्ताहिकात कसोट्या जाहीर केल्या. त्या बारा नियम म्हणून ओळखल्या जातात. शून्यापासून मोजल्यामुळे प्रत्यक्षात त्या तेरा भरतात. त्यांतल्या दोन कसोट्या या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिलीचा आशय असा, की डेटाबेसमधली यच्चयावत माहिती एकाच रीतीने, म्हणजे तक्त्यातल्या मूल्यांच्या रूपाने, मांडलेली असावी. ओळींच्या क्रमात, साठवण्याच्या जागेत किंवा आणखी कुठे आडवाटेला माहिती दडवलेली नसावी. दुसरी कसोटी सूचीची. डेटाबेसमध्ये कोणकोणते तक्ते आहेत, त्यांत कोणते रकाने आहेत, याची यादीसुद्धा तक्त्यांतच असावी आणि ज्याला अधिकार आहे त्याने ती नेहमीच्याच भाषेत, नेहमीसारखाच प्रश्न विचारून वाचावी. म्हणजे तक्त्यांची नावे हीदेखील माहितीच. दप्तरात बस्ते असावेत आणि त्या बस्त्यांची यादी कारकुनाच्या डोक्यात न राहता दप्तरातच, उघड्यावर, सर्वांना वाचता येईल अशी टांगलेली असावी.

हा नियम किती दूरदृष्टीचा होता, हे एक अडचण समजून घेतल्याशिवाय कळत नाही. प्रोग्रामर मंडळींना ती वारंवार भेटते : ज्या तक्त्याला प्रश्न विचारायचा, त्याचे नाव प्रोग्राम लिहिताना माहीतच नाही, ते कळणार प्रोग्राम चालू असताना, ऐनवेळी.

समजा, कापूस खरेदी करणाऱ्या एका संस्थेने दर हंगामाला नवा तक्ता केला : खरेदी_२०१५, खरेदी_२०१६ असे. मग तालुक्यांचेही वेगळे केले : महागाव_२०१६, पुसद_२०१६. सुरुवातीला हे सोयीचे वाटते, कारण तक्ता लहान राहतो आणि जुना हंगाम उचलून बाजूला ठेवता येतो. मग एक दिवस महागावचा शेतकरी येतो आणि दहा वर्षांत आपण किती क्विंटल कापूस घातला, एवढेच विचारतो. प्रश्न एक ओळीचा. पण उत्तर दहा तक्त्यांत विखुरलेले. प्रोग्रामला आता वर्षावरून आणि तालुक्यावरून तक्त्याचे नाव जुळवत बसावे लागते.

इथे यंत्र एक आडकाठी घालते आणि तिला कारण आहे. प्रश्नाचे काम दोन टप्प्यांत होते. आधी यंत्र प्रश्नाचा अर्थ लावते : हा तक्ता आहे का, त्यात हे रकाने आहेत का, विचारणाऱ्याला हक्क आहे का, कोणत्या वाटेने गेल्यास लवकर सापडेल. मग दुसऱ्या टप्प्यात नेमके मूल्य घेऊन शोध होतो. त्यामुळे शेतकऱ्याचा खाते क्रमांक ही जागा प्रश्नात रिकामी सोडता येते. छापील अर्जात नावाची जागा सोडावी तशी. तक्त्याचे नाव मात्र रिकामे सोडता येत नाही, कारण नावाशिवाय पहिला टप्पाच पुरा होत नाही. अर्ज कोणत्या कचेरीचा हेच ठरले नसेल, तर तो छापणार कसा? म्हणून प्रोग्रामला ऐनवेळी प्रश्नाचे सगळे वाक्यच अक्षरे जोडून तयार करावे लागते आणि यंत्राच्या हवाली करावे लागते. १९९२ च्या एसक्यूएल मानकात या रीतीला अधिकृत स्थान मिळाले.

यातच धोका आहे. नावाच्या जागी जोडायची अक्षरे बाहेरून, म्हणजे विचारणाऱ्याने टंकलेल्या मजकुरातून येत असतील, तर एखादा लबाड माणूस नावाच्या पाठोपाठ आपली आज्ञाही टंकू शकतो. यंत्राला प्रश्न आणि आज्ञा यांत फरक कळत नाही. ते दोन्ही पाळते. तक्ता वाचायला आलेला माणूस तक्ता पुसून जाऊ शकतो. या हल्ल्याची जाहीर चर्चा १९९८ च्या सुमारास सुरू झाली आणि अजूनही असे हल्ले होतात.

बचावाचा चांगला मार्ग कॉड यांच्या सूचीतच आहे. बाहेरून आलेली अक्षरे कधीही नाव म्हणून वापरू नयेत. विचारणाऱ्याकडून फक्त हंगाम आणि तालुका घ्यावा. तसा तक्ता आहे का हे सूचीला विचारावे. आणि सूचीने दिलेलेच नाव, डेटाबेसने पुरवलेल्या अवतरणाच्या सोयीत गुंडाळून, वाक्यात घालावे. सूचीत नाव नसेल तर प्रश्न तिथेच थांबावा. शिवाय अशा प्रोग्रामला वाचण्यापलीकडे अधिकार देऊ नये. म्हणजे वाक्य ऐनवेळी तयार झाले, तरी नाव परके राहत नाही.

पण यापेक्षाही मुळाशी जाणारा उपाय पहिल्या कसोटीत आहे. हंगाम आणि तालुका ही माहिती आहे. ती नावात दडवायचीच कशाला? एकच खरेदी तक्ता असावा आणि त्यात हंगाम हा एक रकाना, तालुका हा दुसरा. मग दहा वर्षांचा प्रश्न खरोखर एका ओळीत विचारता येतो. तक्ता फार मोठा होईल ही भीती पूर्वी खरी होती. आज बहुतेक मोठ्या डेटाबेसमध्ये एकाच नावाचा तक्ता आतल्या आत हंगामवार कप्प्यांत विभागता येतो. बाहेरच्याला कप्पे दिसत नाहीत आणि दिसायची गरजही नाही. जुने तक्ते मोडणे शक्य नसेल, तर ते सारे एकत्र दाखवणारा एक आभासी तक्ता बनवता येतो. त्यात एकदाच कष्ट पडतात.

नावात माहिती कोंबण्याची किंमत काय असते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम वेगळा झाला, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. ज्या दप्तराने जिल्ह्याचे नाव तक्त्याच्या नावात गुंफले असेल, त्याला अशा प्रत्येक बदलाला प्रोग्राम दुरुस्त करावे लागतील. ज्याने नाव रकान्यात ठेवून ओळख क्रमांकावर सोपवली असेल, त्याला एक ओळ बदलावी लागेल. नाव हे ओळखीला पुरेही पडत नाही : महागाव यवतमाळ जिल्ह्यात आहे, तसे कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यातही आहे. म्हणूनच कॉड यांच्या मांडणीत प्रत्येक ओळीला निःसंदिग्ध किल्ली लागते.

याचा अर्थ नाव ऐनवेळी शोधणे हेच वाईट, असा नाही. रोज रात्री साऱ्या तक्त्यांची प्रत काढणारा प्रोग्राम, कोणत्या तक्त्यात किती ओळी आहेत हे तपासणारा लेखापरीक्षक, अनोळखी दप्तर समजून घेऊ पाहणारा संशोधक यांना नावे आधी माहीत असणे शक्य नाही. त्यांनी सूचीला विचारावे, हे रास्तच आहे. सूची त्यासाठीच आहे. फरक इतकाच, की नाव शोधून काढणे वेगळे आणि नावातून माहिती ओरबाडणे वेगळे. पहिल्यात दप्तर बोलते. दुसऱ्यात ते मुके होते आणि जुना वाटाड्या परत येतो. या वेळी तो प्रोग्राममध्ये लपलेला असतो आणि ज्याने तो लिहिला त्याने नोकरी सोडली की पुन्हा कागद जागच्या जागी असूनही हरवतात.

उत्तरायुष्य

कॉड यांनी १९८४ मध्ये आयबीएम सोडली आणि सहकारी क्रिस डेट यांच्यासह सल्लागार कंपनी काढली. एसक्यूएलवर ते शेवटपर्यंत नाराज होते. तक्त्यात एकच ओळ दोनदा येऊ देणे त्यांना तर्कदुष्ट वाटे. एखादे विधान दोनदा केल्याने ते अधिक खरे होत नाही, असा त्यांचा रोख होता. १९९० मध्ये त्यांनी आपल्या मांडणीची दुसरी, विस्तारित आवृत्ती ग्रंथरूपाने आणली. तिच्यात शेकडो नियम होते आणि पूर्वीचा साधेपणा त्यात हरवल्याची तक्रार चाहत्यांनीही केली.

१९९३ मधला एक प्रसंग त्यांच्या नावाला बट्टा लावून गेला. व्यवसायातल्या आकड्यांचे वेगवेगळ्या अंगांनी विश्लेषण करण्याच्या तंत्राला त्यांनी ओलॅप हे नाव दिले आणि त्याचेही बारा नियम मांडले. तो अहवाल त्या तंत्राचे उत्पादन विकणाऱ्या एका कंपनीने पैसे देऊन करवून घेतल्याचे उघड झाले आणि ज्या साप्ताहिकाने तो छापला त्याने तो मागे घेतला. पुराव्याशिवाय केलेले आरोप सहन न होऊन देश सोडणाऱ्या माणसाच्या चरित्रात ही नोंद खटकते. पण ती ओळ पुसून चालणार नाही.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातल्या विल्यम्स आयलंड येथे हृदयक्रिया बंद पडून ते वारले. वय ७९ वर्षांचे होते. त्यांच्या कल्पनेवर अब्जावधी डॉलरांचे उद्योग उभे राहिले. लॅरी एलिसन जगातल्या सर्वांत श्रीमंतांत मोजले जाऊ लागले. कॉड यांच्या वाट्याला मान आला, संपत्ती तुलनेने थोडी. डेटाबेस संशोधनातले एक मानाचे पारितोषिक आज त्यांच्या नावाने दिले जाते.

आपल्या दप्तरांचे संगणकीकरण आता बरेच पुढे गेले आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. महागाव तालुक्यातला शेतकरी विभाग, जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडून मोबाइलवर उतारा पाहू शकतो. पण कागद पडद्यावर आणणे हे अर्धेच काम आहे. ज्या प्रश्नाचा विचार दप्तर लावणाऱ्याने केला नव्हता, तो प्रश्नही सामान्य माणसाला विचारता यावा आणि उत्तरासाठी कोण्या जाणत्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागू नये, हे उरलेले अर्धे काम. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीपासून सहकारी संस्थेच्या खातेवहीपर्यंत जिथे जिथे नवे तक्ते आखले जात आहेत, तिथे रकान्यात काय ठेवायचे आणि नावात काय, हा निर्णय रोज कोणी ना कोणी तरुण प्रोग्रामर घेत असतो. तो त्याला क्षुल्लक वाटतो. पण दहा वर्षांनी येणाऱ्या प्रश्नकर्त्याला उत्तर मिळणार की हेलपाटे, हे त्या क्षणीच ठरून जाते.